तिला दूध होतं

डोंबिवली, बुधवार रात्र

प्रिय शुभे,

मार्चपासून तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल भेटशील तेव्हा हवं तेवढं बोल. मी बरी आहे, आईचा गुडघा आहे तसाच. आज दिवसभर आपली भुरी मांजर आठवतेय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

सोसायटीतल्या मांजरांची नसबंदी सुरू केलीय. सात झाली. आठवी जिन्याखालची तिरंगी, म्हणजे भाटीच असणार. काल रात्री सुक्या बांगड्याच्या तुकड्याला भुलून पिंजऱ्यात आली. वर जुनी चादर टाकल्यावर गप्प झाली. भूल द्यायची म्हणून रात्रभर उपाशी. सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन, "अहो, हिला दूध आहे."

हातपायच गळाले गं. पंधरा दिवसांपूर्वी पोट उतरलेलं मी पाहिलं होतं, पण पिल्लं कुठेच दिसेनात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, नेली असतील दुसरीकडे, नाहीतर दगावली असतील, असं धरून चालले. नीट शोधलं असतं तर पिल्लं खाऊ लागेपर्यंत थांबले असते. बाई म्हणाल्या, "भूल दिलीच आहे, तर करून टाकू. पाजता पाजताही ही पुन्हा गाभण राहू शकते. टाके कुशीवर घेते, दूध आटणार नाही, संध्याकाळी घेऊन जा. तुम्ही पिल्लं शोधा."

पिल्लं सापडली कुणाला माहितेय? तळमजल्यावरच्या काकांना! 'पोत्यात भरा आणि मच्छी मार्केटला सोडा' म्हणणारे तेच. ही हलवली तर मोकळ्या जागेत दुसरी येतात, हे त्यांना मी तीन मीटिंगांत सांगितलं. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा कागद पुढे केला, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. नसबंदी झाली की बोके सहसा जिन्यात फवारे मारत नाहीत, एवढं ऐकलं आणि विरघळले. आता नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेली किती झाली ते रोज मोजतात.

मीटरच्या खोलीत, कूलरच्या खोक्यात तीन होती. डोळे नुकते उघडलेले. तिसरं गार. मी दुधाकडे धावले आणि तुझा आवाज आठवला: गार पिल्लाला पाजायचं नाही, आधी ऊब, आणि गाईचं दूध तर नाहीच. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून दोन तास घेऊन बसले.

भुरीचं ऑपरेशन करू म्हणालीस तेव्हा मीच म्हटलं होतं, एकदा तरी आई होऊ दे तिला. एकदाचं तीनदा झालं. त्या पावसातलं पिल्लांचं खोकं तू एकटीने उचललंस आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. तुझं बरोबर होतं, शुभे. हे मी तुला कधी म्हटलंच नाही.

संध्याकाळी तिला आणलं. खोकं हुंगलं, बराच वेळ उभी राहिली, मग आत शिरली. काका दाराशी बॅटरी धरून तिलाच सांगत होते, "हळू, हळू." दोघं लगेच चिकटली. तिसरं तिच्या पोटाशी आहे, पण पिताना मी अजून पाहिलेलं नाही.

नाशिकची बदली पक्की झाली का? घर मिळालं? सासूबाईंना नमस्कार. चिरंजीवांचा दहावीचा निकाल कळव.

साडेअकरा झाले. काकांनी मिस्ड कॉल दिलाय. खाली जाऊन बघते.

तुझी,
वैजू