मका टोकायचा, की रोपं करायची? बाबांना शेफील्डहून पत्र

शेफील्ड
१२ मे

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

मिरचीची रोपं करतात आणि मका टोकतात, हे तुमचं म्हणणं सिल्लोडच्या आपल्या शेतासाठी अगदी खरं आहे. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला की दोन दाणे टोकायचे आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शेतात ओळी दिसायला लागतात. तिथे मक्याची रोपं करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पण इथे इंग्लंडमध्ये मी खिडकीत मक्याची रोपं का वाढवते आहे, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पेरणी पावसासाठी थांबते, इथे ती जमिनीच्या उबेसाठी थांबते. पाणी बारा महिने आहे, ओल कधी हटत नाही. पण एप्रिलमध्ये मातीत बोट खुपसलं तर बोट बधिर होतं. मक्याच्या बियाला उगवायला मातीत निदान १० अंश सेल्सिअस लागतात, आणि झटकन उगवायला १८ ते २१. त्याच्या खाली दाणा नुसता पाणी पिऊन फुगतो आणि कुजतो. शिवाय मे महिना संपेपर्यंत एखाद्या रात्री दव गोठण्याची भीती असते. तसं झालं तर उगवलेलं कोवळं पान सकाळी काळं पडलेलं दिसतं. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर लागला की रात्री गार होतात, दिवस भराभर लहान होतो आणि दाणा भरायचा थांबतो. म्हणजे मक्याला मोकळ्या रानात मिळतात जूनपासून जेमतेम साडेतीन महिने. तेवढ्यात उगवण, वाढ, तुरा, कणीस सगळं उरकायचं. घरात रोप करून त्याला एक महिना आधी सुरुवात करून द्यायची, एवढाच ह्यातला हिशेब आहे.

जागा किती, असं आईने विचारलं होतं. घरामागे अंगण नाही. इथे नगरपालिका लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे वार्षिक भाड्याने देते, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तर पालिकेने अशी जमीन द्यावी, असा कायदाच आहे, १९०८ सालचा. पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. मला त्याचा अर्धा मिळाला आहे. सव्वा गुंठ्यात मका, वाटाणा, बटाटा आणि कडेला मेथी. आजूबाजूच्या तुकड्यांवर निवृत्त झालेली मंडळी रोज येतात. शेजारच्या आजोबांचा हात मातीत चाळीस वर्षं मुरलेला आहे. ते बोलतात कमी, पण माझ्या वाफ्याजवळून जाताना थांबून बघतात आणि काही चुकत असेल तर एका वाक्यात सांगतात.

आता बियाबद्दल. पाकीट उघडलं तेव्हा तुमची फार आठवण आली, कारण हे बी तुम्ही हातात घेतलं असतंत तर पोचट म्हणून पाखडून टाकलं असतंत. हलकं, सुरकुतलेलं, कडेने जवळजवळ आरपार दिसणारं. आपल्या मक्याचा दाणा टपोरा असतो, कारण त्यात पिठूळ स्टार्च भरलेला असतो. गोड मक्यात एका जनुकातल्या बदलामुळे साखरेचा स्टार्च पुरेसा होत नाही. साखर साखरच राहते, म्हणून कोवळं कणीस गोड लागतं, आणि वाळल्यावर आत भरीव काही उरत नाही म्हणून दाणा आक्रसतो. पण कोंबाची शिदोरीही तोच स्टार्च असतो. शिदोरी कमी म्हणून गोड मक्याचा कोंब मुळात अशक्त, आणि गार ओल्या मातीत तो आपल्या मक्याच्याही आधी हार मानतो. त्याला ऊब का लागते ते बी बघूनच पटलं. मी घेतलेली जात ‘स्विफ्ट’ नावाची संकरित आहे. लवकर येते, म्हणून ह्या उत्तरेकडच्या भागात बरेच जण तीच लावतात.

तुम्ही घरचं गावरान बी पाठवतो म्हणालात. बाबा, पाठवू नका. एक तर लावायचं बी परदेशातून आणायला इथे वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि आलं तरी ते इथे रुळणार नाही. उष्ण प्रदेशातला मका दिवसाच्या लांबीवर तुरा काढतो. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, इथे तो सतरा तासांचा. एवढ्या लांब दिवसात आपला मका तुरा काढायचं लांबवतो आणि नुसता उंच वाढत राहतो. कणीस धरेपर्यंत थंडी दारात आलेली असेल. ते बी तिथेच राहू दे, ते त्या मातीचं आहे.

पेरणी मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात केली. मक्याचं मूळ सरळ खाली धावतं आणि हलवलेलं त्याला आवडत नाही, म्हणून उथळ ट्रे उपयोगाचा नाही. टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते, तशा नळ्या मी हिवाळाभर जमवल्या होत्या. त्या एका खोक्यात दाटीने उभ्या केल्या, भुसभुशीत कंपोस्ट भरलं आणि प्रत्येकीत एक इंच खोल एकेक दाणा. लावताना नळीसकट लावायचं, पुठ्ठा मातीत विरघळून जातो. खोकं ठेवलं घरातलं पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या उबदार कपाटात. उगवेपर्यंत उजेड लागत नाही, ऊब लागते.

आठवड्याने एका सकाळी कपाट उघडलं तर माती जरा उचललेली दिसली. दुपारपर्यंत त्या फटीतून दाभणाच्या टोकासारखा कोंब बाहेर आला होता, टोकाला फिकट हिरवा आणि बुडाशी किंचित लालसर. संध्याकाळी त्याची गुंडाळी एका बाजूने उकलली आणि आतून पहिलं पान निघालं. गोल टोकाचं, आखूड, पुढच्या टोकदार पानांपेक्षा अगदी वेगळं. आपल्या शेतात हे हजारोंनी होत असतं, पण वाकून एका दाण्याचं एवढं बघायला तिथे कधी वेळच झाला नाही. तुमचा नातू शेजारी बसून होता. पुठ्ठ्याच्या तळातून पांढरं मूळ बाहेर डोकावलेलं पहिल्यांदा त्याला दिसलं.

कोंब दिसला की खोकं त्याच दिवशी उजेडात आणायचं. घरात रोप करताना सगळ्यात अवघड काम हेच, असं माझं मत झालं आहे. ऊब घरात भरपूर, उजेड मात्र खिडकीच्या एका बाजूने. रोप उजेडाकडे ताणतं, पोपटी आणि लुकडं होतं आणि मग स्वतःच्याच वजनाने लवतं. मी दक्षिणेकडची खिडकी निवडली, मागे पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून उभा केला, आणि खोकं रोज सकाळी फिरवते. रोपांवरून रोज हलकेच तळहातही फिरवते. वारा लागल्यासारखं होऊन देठ जाड होतो, हे शेजारच्या आजोबांनी सांगितलं आणि ते खरं निघालं. रात्री खोली जरा गारच ठेवते, कारण उजेड कमी आणि ऊब जास्त झाली की रोप उंचच धावतं.

पाण्याचं फार सांगत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वरून ओतत नाही. खालच्या ताटात घालते, अर्ध्या तासात पुठ्ठा हवं तेवढं ओढून घेतो, उरलेलं काढून टाकते. माती वर कोरडी दिसली पाहिजे. नाहीतर मिरचीच्या गादीवाफ्यावर बुडाशी करपून रोपं आडवी होतात, तोच रोग इथेही येतो.

सध्या रोपं वीतभर झाली आहेत, तीन-चार पानांवर, आणि रोज सकाळी घराबाहेर जातात. शेडनेटमधली मिरची लावण्याआधी तुम्ही पाणी तोडून तिला कडक करता ना, तेच हे, फक्त उन्हाऐवजी गारठ्यासाठी. सुरुवातीला भिंतीच्या आडोशाला तासभर, मग अर्धा दिवस, मग दिवसभर, आणि शेवटी रात्रीही बाहेर. साधारण दहा दिवसांचं काम. पारा ५ अंशांखाली जाणार असं हवामानात दिसलं की सगळी आत. थंडीपेक्षा इथला वारा मला जास्त छळतो. शेफील्ड टेकड्यांवर वसलेलं आहे आणि पश्चिमेकडून वारा सतत चालू असतो. घरात वाढलेलं पान त्यात एका दुपारीत फाटतं. ऑफिसला जाताना खोकं आडोशाला आहे ना, हे दोनदा बघून निघते.

लावणी मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. आणि इथे माझी पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असणार आहे. तुम्ही ओळी धरता. मी चौकोन करणार, चार बाय चार रोपांचा, चारही बाजूंनी दीड-दीड फूट अंतर. कारण परागीकरण. कणसाचा एकेक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर तुऱ्यातला पराग पडला तोच दाणा भरतो, बाकीच्या जागा रिकाम्या राहतात. तुमच्या एकरभर रानात पराग चहूकडून येतो, त्यामुळे कणसं आपोआप भरतात. पण सोळा रोपांची एकच लांब ओळ लावली तर वाऱ्याने पराग बाजूला उडून जाईल आणि कणसं दातपडकी निघतील. चौकोनात वारा कुठूनही आला तरी पराग कुणाच्या तरी केसांवर पडतो. तुरा फुलला की सकाळी ताटं हलकेच हलवायची, असंही आजोबा म्हणाले आहेत.

लष्करी अळीची काळजी इथे नाही, तिला ही थंडी झेपत नाही. गेली काही वर्षं तुम्ही मक्याच्या पोंग्यात औषध टाकत फिरताना बघितलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. इथे शत्रू म्हणजे गोगलगायी. रात्रीत पान साफ करतात. बॅटरी घेऊन वेचायला जावं लागणार.

आता दादासाठी. अजिंठ्याच्या रस्त्यावर कणसं विकणारे वाढले आहेत, म्हणून अर्धा एकर स्वीटकॉर्न करावं असं त्याच्या मनात आहे, हे वहिनीने सांगितलं. जरूर करावं. कोवळी कणसं तोडली की ताटं हिरवी असतात, आपल्या गाईंना चाराही होईल. फक्त एक गोष्ट त्याला नक्की सांगा. शेजारी साधा मका त्याच वेळी तुऱ्यावर असेल, तर त्याचा पराग गोड कणसावर पडतो आणि दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाट बघत नाही. आपल्याकडे बांधाला बांध लावून सगळीकडे मकाच आहे, त्यामुळे अंतर राखणं अवघड. मग वेळ वेगळी ठेवायची. पेरणीच्या तारखांवर जाऊ नका, तुऱ्याच्या तारखा बघा, कारण जातीजातीत फरक असतो. दोन्हींच्या तुऱ्यात निदान तीन आठवडे पडले पाहिजेत. आणि केस दिसल्यापासून साधारण वीस दिवसांनी कणीस तपासायला लागायचं. केस तपकिरी झाले की दाण्याला नख लावून बघायचं. पाणी निघालं तर अजून कच्चा, दूध निघालं की त्याच सकाळी तोडायचा आणि त्याच दिवशी विकायचा. तोडल्यावर गोडी उतरत जाते.

आपल्या चारही बांधांना यंदा कोण कुठली जात पेरणार आहे आणि ती कितव्या दिवशी तुऱ्यावर येते, हे दादाने विचारून मला कळवावं. मी बसून तारखा जुळवून देते. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले, तेही लिहा. तिने सकाळचं फिरणं सोडू नये.

तुमची लेक