बटणं असू द्या की!

मा. संपादकसाहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नव्या मोबाईलची, इअरबडची माहिती येते, किती जीबी, बॅटरी किती तास चालते सगळं असतं, पण ती वस्तू न बघता वापरता येते का हे कोणी लिहीतच नाही. गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरमध्ये तर मी म्हणतो आधी तेवढंच बघावं.

आमच्या काकू अशोक चौकाकडं राहतात, विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, बोटं तंबाखूनं माखलेली आणि कानात हरिपाठ. टचस्क्रीन दिला तर दर वेळी हात पुसा, चष्मा शोधा, लॉक उघडा, तोवर कुणाचा तरी गुड मॉर्निंग येऊन पडलेला. म्हणून नवी पेठेतनं मेमरी कार्डवाला प्लेअर आणून दिला, तर त्याची बटणं सगळी एकसारखी, सपाट, एकाच ओळीत. वर एकाच बटणाला दोन कामं, दाबलं की पुढचं गाणं आणि दाबून धरलं की आवाज मोठा, आता विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता हे कुणाला जमणार? बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दीड तासाचं कीर्तन शेवटपर्यंत कधी ऐकूनच होत नाही. मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात ते वेगळंच.

आणि हे काय अवघड आहे असं पण नाही. १९७९ ला सोनीचा वॉकमन आला, त्यात कॅसेट जिथं थांबवली तिथनंच पुढं वाजायची, ते फीचर आहे असं पण कुणी म्हणत नव्हतं! २००१ च्या आयपॉडला चाक होतं, अंगठा फिरवला की यादी सरकायची. मोठ्या कंपन्यांचं पण डोकं फिरतं म्हणा, २००९ च्या आयपॉड शफलवरची गाण्याची बटणं काढून अ‍ॅपलनं ती इअरफोनच्या वायरीवर नेली, म्हणजे साधा दुसरा इअरफोन लावला की गाणं बदलायची सोयच गेली. पुढच्याच वर्षी २०१० ला बटणं परत आली.

दुकानात पण प्लेअर हातात घेऊन चालवून बघू देत नाहीत, काचेतनं दाखवतात आणि रंग कुठला पाहिजे विचारतात. रंग घेऊन काय करू? खिशात हात घालून आवाज कमी करता येतो का, खिशात बटण दाबलं जाऊ नये म्हणून होल्डचा खटका आहे का, जॅक साधा आहे का म्हणजे इअरफोन गेला तर कुठलाही लावता येईल, हे सांगा की.

तर विनंती एवढीच की गॅजेटच्या पानावर एखादा प्लेअर डोळे मिटून चालवून बघा आणि जे होईल ते तसंच छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सोलापूर