अपडेटनंतर सर्व्हर सुरूच झाला नाही तर?

माननीय संपादक,

सुरक्षेचे अपडेट आले की ते त्वरित बसवावे, हा सल्ला योग्यच आहे. मात्र त्यानंतर लिनक्स सर्व्हर सुरूच झाला नाही तर काय करावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जुलै २०२० मध्ये सर्व्हर चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या ‘ग्रब’ या बूटलोडरमधील ‘बूटहोल’ ही त्रुटी बुजवणारे अपडेट बसवल्यावर रेड हॅट आणि सेंटओएस हे लिनक्सचे प्रकार वापरणारे काही सर्व्हर रीस्टार्टनंतर उठलेच नाहीत. दोष ‘शिम’ या, ग्रबच्याही आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये निघाला. त्यामुळे ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडण्याचा नेहमीचा उपाय निरुपयोगी ठरला, आणि इन्स्टॉलेशन डिस्कवरून रेस्क्यू मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या तात्पुरत्या यंत्रणेत) जाऊन, ‘सीएचरूट’ या कमांडने डिस्कवरील मूळ यंत्रणेत शिरून, शिम व ग्रबच्या आधीच्या आवृत्त्या परत बसवाव्या लागल्या. (अशा वेळी सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करण्याचा मोह अनाठायी असतो, डिस्कवरील माहिती बहुधा शाबूतच असते.)

लहान कार्यालयांत सर्व्हरची देखभाल बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते. रेस्क्यू डिस्क हाताशी ठेवणे आणि प्रत्येक अपडेट आधी दुय्यम सर्व्हरवर बसवून तो रीस्टार्ट करून पाहणे, या दोन अटी कंत्राटातच लिहून घ्याव्यात.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, नाशिक