सूचना : शनिवारच्या कथावाचनाबद्दल

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता ‘परग्रहवासी आपली पुस्तकं वाचतात’ या विषयावरच्या विनोदी कथांचं वाचन आहे. कथा शुक्रवार रात्रीपर्यंत गटावर टाका. अजून निम्म्याच आल्यात, म्हणून ही आठवण.

आलेल्यांपैकी एकीतला परग्रहवासी शब्दकोश हाती घेतो आणि ती कादंबरी समजतो. ‘पात्रं हजारो, पण एकही दुसऱ्याशी बोलत नाही,’ म्हणून ढसाढसा रडतो. अशी कथा हवी! तो मूर्ख नाही, अगदी मन लावून वाचतोय. चुकतो ते पुस्तक म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही म्हणून. नुसते हिरवे डोळे आणि विचित्र नावं घातली की हसू येत नाही, हे मात्र मी स्पष्टच सांगते.

विषय सुचत नसेल तर खऱ्या गोष्टीकडे बघा. १९७२ च्या पायोनियर १० या अंतराळयानावर परग्रहवासीयांसाठी लावलेल्या धातूच्या पट्टीवर यानाचा मार्ग बाणाने दाखवलाय. ज्यांनी कधी धनुष्यबाणच पाहिला नाही, त्यांना त्या टोकदार रेघेवरून दिशा कशी कळावी? १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. ते ऐकणाऱ्याने काय समजावं, यावर एक अख्खी कथा उभी राहील. कुणीतरी लिहाच, मला फार ऐकायचीय.

प्रत्येकाला ७ मिनिटं. मोठ्याने वाचून, वेळ लावून या. नवीन सभासदांना आधी संधी.