ऑर्गनवाल्या काकांना, ‘मानापमान’मधल्या भामिनीकडून

काका, सादर नमस्कार.

प्रयोग झाला, सेट उतरला, भाड्याचे ड्रेस परत गेले, ग्रुपवरचे फोटोपण आता थांबले, तरी माझ्या डोक्यातून तुम्ही जात नाही. प्रयोगानंतर तुम्हाला वाकून नमस्कार केला तेव्हा मला काहीच बोलता आलं नव्हतं, आणि तुम्ही पण लगेच ऑर्गनचं कव्हर घालायला वळलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, लोकांनाही कळू दे.

आधी थोडं कडू बोलते, कारण ते बोलल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. ‘मानापमान’ हे संगीत नाटक करायचं ठरलं, मी त्यातली नायिका भामिनी, तेव्हा आम्ही सगळे हौशी, नोकऱ्या सांभाळून तालमी करणारे. एका संस्थेकडे जुनी प्रॉम्प्टिंगची वही आहे असं कळलं म्हणून विनंती केली, तर आधी उत्तरच नाही आणि मग सभासद असाल तरच बघायला मिळेल म्हणे, म्हणजे वही कपाटात वाळवीला चालेल पण आम्हाला नको. साथीला आणि पदं बसवून द्यायला एक सर ठरवले होते, त्यांनी पहिल्याच दिवशी काळी पाच ही उंच पट्टी धरली आणि मला गा म्हणाले. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा वरचा आवाज गेलाय, ते मी आधीच सांगितलं होतं. तरी मुद्दाम तिथेच गायला लावून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘भामिनी यांच्याने होणार नाही, दुसरी कोणी बघा, नाहीतर ट्रॅक लावा आणि ओठ हलवा.’ आणि ॲडव्हान्स घेऊन नंतर फोन उचलणं बंद. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की माझं गाणं संपलं.

मग तुम्ही आलात. कोणाच्या तरी ओळखीने, हातात कापडी पिशवी, त्यात पदांचं जुनं पुस्तक, पानं इतकी पिवळी की उलटताना भीती वाटावी. तुम्ही मला गा म्हणालाच नाहीत. म्हणालात, ‘भामिनी वेष पालटून वनमाला होऊन छावणीत जाते ना, तिथली चार वाक्यं बोला.’ मी बोलले, तुम्ही एका हाताने पट्ट्या चाचपत माझ्या बोलण्याचा सूर शोधत होता, मला ते कळलं पण नाही, आणि मग अलगद पांढरी चार या खालच्या पट्टीवर येऊन थांबलात आणि म्हणालात, ‘हं, आता “नाही मी बोलत नाथा” हे पद, अगदी हळू.’ आणि आवाज आला काका. किती तरी दिवसांनी घसा न ओढता आला.

आणि तेवढ्यात आपला तबलजी बोललाच, ‘काका, बाईमाणसाचं पद एवढ्या खाली?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात की नाही माहीत नाही, पण तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘अरे, माझी बोटं आता काळी पाचात पडत नाहीत, वय झालं. त्यांनाच माझ्यासाठी खाली यावं लागतंय.’ झालं. विषय संपला. तबला उतरवून लावला गेला आणि पुढचे सगळे दिवस सगळ्यांना वाटत राहिलं की ताईच काकांना सांभाळून घेतायत.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते, मी पाण्याची बाटली घ्यायला परत आले. तुम्ही एकटेच वाजवत होता. काळी पाच. ‘युवती मना’ची ती सगळी चढउतार, एक बोट इकडचं तिकडे नाही. मी दारातूनच मागे फिरले. तेव्हाही काही बोलले नाही, आज बोलते. स्वतःच्या हातावर कमीपणा घेऊन तुम्ही माझी लाज राखलीत, आणि तेही ज्या कलेवर तुमचं सगळं आयुष्य गेलं त्या कलेत. पैशाची मदत कोणी पण करतं, हे कोण करतं?

या नाटकाबद्दल जेवढं मला आज माहीत आहे ते तालमीत तुम्ही बोलता बोलता सांगितलेलं. 12 मार्च 1911 ला किर्लोस्कर नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला, खाडिलकरांचं हे पहिलंच संगीत नाटक, तोवर ते ‘केसरी’तले जहाल लेखक, त्यांचं ‘कीचकवध’ तर सरकारने बंदच केलेलं, आणि त्याच माणसाने ही अशी गोड प्रेमाची गोष्ट लिहिली. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि मग स्वतःच वेष पालटून त्याच्या छावणीत जाऊन त्याच्या प्रेमात पडते. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट पण आपल्या प्रयोगाला कॉलेजची पोरं लक्ष्मीधराच्या भित्रेपणावर खळखळून हसत होती, मी विंगेतून बघत होते. पहिल्या प्रयोगातला गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर कसला असेल! चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे मूळ पेटीवाल्या माणसाच्या, ठुमरी-कजरीच्या हिंदुस्थानी ढंगाच्या, हे सांगताना तुमचा चेहरा खुलायचा. साथ करणाऱ्याने नाटक उभं केलं म्हणून तुम्हाला केवढा अभिमान!

पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वय 22. मी ती लहानपणापासून ऐकलीय आणि दर वेळी ऐकताना त्यांच्या धीराचंच कौतुक ऐकलंय. तुम्ही मात्र म्हणालात, ‘त्या रात्री नानासाहेब जोगळेकर धैर्यधर होते, समोर उभे राहून त्यांचा हात धरायला. साथीदार होते. त्यांना कसं वाजवलं गेलं असेल?’ मी कधी तसा विचारच केला नव्हता. तेव्हापासून मला तो प्रयोग वेगळाच दिसतो.

आणि 1921 चा संयुक्त मानापमान. टिळक स्वराज्य फंडासाठी, 8 जुलैला, मुंबईत. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांशी धंद्याची स्पर्धा असलेले, आणि एका रंगमंचावर समोरासमोर गायले. कोण सरस ठरलं यावर लोक अजून तावातावाने बोलतात. तुम्हाला त्या वादात काडीचा रस नव्हता. पुढे तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, जेमतेम 31 वर्षांचे, तेव्हा तो प्रयोग झाला हेच केवढं मोठं, एवढंच तुम्ही म्हणालात. आजकाल एका गावातल्या दोन हौशी ग्रुपांचं एकमेकांच्या प्रयोगाला जाणं होत नाही काका, मग हे ऐकून भरून येतं. मोठेपणा मला आता असाच दिसतो, शेजारच्या माणसाला चार लोकांत खाली बघायला न लावण्यात.

आमच्या धैर्यधराला पण तुम्ही असंच सांभाळलंत हं. त्याने मास्टर दीनानाथांचं ‘शूरा मी वंदिले’ मोबाईलवर ऐकून ऐकून तसंच करायचा हट्ट धरला होता, श्वास पुरत नव्हता. तुम्ही त्याला नको म्हणाला नाहीत, पुस्तकाच्या झेरॉक्सवर लाल पेन्सिलीने श्वासाच्या जागा करून दिल्यात, आणि मग त्याचं त्यालाच कुठे थांबायचं ते कळलं. आता तो कागद त्याने लॅमिनेट केलाय.

प्रयोगाला ‘खरा तो प्रेमा’ला वन्समोअर आला. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मानेनेच हो म्हणालात. पुढच्या रांगेत एक बाई रडत होत्या असं मला नंतर सांगितलं लोकांनी. ती टाळी खाली धरलेल्या त्या पट्टीला होती.

मानधनाचं पाकीट तुम्ही मेकअप रूममध्ये तसंच ठेवून गेलात, ते माझ्याकडे आहे आणि या वेळी ते तुम्हाला घ्यावंच लागेल, सगळ्यांनी ठरवलंय. पदांचं पुस्तक पण नीट बाइंडिंग करून घेतलंय, जुन्या कव्हरला हात लावू दिला नाही, तेच वर चिकटवलंय. दिवाळीनंतर परत प्रयोगाची विचारणा आहे, ‘या नव नवल नयनोत्सवा’ वेळेअभावी गाळलं होतं ते या वेळी घ्यायचं म्हणतोय, तुम्ही हो म्हणालात तरच. रविवारी संध्याकाळी घरी आहात ना? फोन करून येते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
भामिनी