आबांनी विचारलेल्या सुमोच्या तालमीबद्दल

टोकियो

ती. आबा व ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे आणि जेवणाची आबाळ होत नाही.

आबा, गंगावेशीतल्या मंडळींना सांगायला तुम्ही सुमोच्या तालमीची माहिती मागितलीत. सुमिदा भागातल्या ताकासागो तालमीचं लिहितो. पहिला ताकासागो उरागोरो मोठा करारी गडी. पैलवानांचे हाल थांबावेत म्हणून १८७३ मध्ये सुमोच्या संघटनेशी भांडून त्याने पैलवानांचा वेगळा फड काढला आणि १८७८ मध्ये तो परत आला.

परमुलखात आपल्याला कोण विचारतं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण हवाईचा ताकामियामा याच तालमीतला. १९७२ च्या जुलैत वरच्या गटाची स्पर्धा जिंकणारा तो पहिला परदेशी. मंगोलियाचा आसाशोर्यू इथूनच योकोझुना, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्याचा पैलवान, झाला, २५ स्पर्धा जिंकला. २०२० च्या डिसेंबरपासून तर वस्तादच मंगोलियात जन्मलेला आहे, पूर्वीचा आसासेकिर्यू. वस्ताद व्हायला जपानी नागरिकत्व घ्यावं लागतं. माझ्या नोकरीला तसलं काही लागत नाही. पासपोर्ट आहे तोच राहणार, हे आईला सांगा.

समजायला अवघड आहे ती इथली पंगत. सकाळी पोटात काही न घालता मेहनत. शिको म्हणजे एकेक पाय उंच उचलून जमिनीवर आपटायचा, मग खांबाला तळहातांचे ठोसे, शेवटी समोरच्याला छातीवर घेऊन रेटणं. मग आंघोळ आणि जेवण, तेही हुद्द्याप्रमाणे. वयाला मान नाही. वीस वर्षांचा सेकितोरी (वरच्या दोन गटांतला पगारी पैलवान) आधी बसतो, तिशीचा खालचा पैलवान मागे उभा राहून वाढतो. ज्यांनी चांको, म्हणजे तालमीतलं रस्सेदार जेवण, रांधलं ते सगळ्यांत शेवटी जेवतात, तोवर पातेल्यात मुळा-कोबी आणि रस्साच उरतो. स्पर्धेच्या दिवसांत चांकोत कोंबडी हवी, कारण ती दोन पायांवर उभी असते. गाय, डुक्कर चार पायांवर, आणि सुमोत हात जमिनीला टेकला की हार. (आई, मी गोमांस खात नाही. पुन्हा विचारू नकोस.)

हुद्दाही टिकत नाही. वर्षाला सहा स्पर्धा. योकोझुना आणि त्याखालचा ओझेकी सोडले, तर सेकितोरीने १५ पैकी आठ कुस्त्या मारल्या नाहीत की तो सहसा खाली सरकतो. ज्यूर्यो या खालच्या पगारी गटातून बिनपगारी माकुशितात घसरला की महिन्याचे ११ लाख येन एकदम बंद, पुन्हा मोठ्या खोलीत सगळ्यांबरोबर अंथरूण. खालच्यांना पगार नाही, लग्न करून वेगळं बिऱ्हाडही करता येत नाही.

माझ्यावर तसं बंधन नाही, मला कळतं. तरी मावशीने आणलेल्या स्थळाला थांबायला सांगा, आधी सुमनचं होऊ द्या. तिच्या साखरपुड्याला मला येता येत नाही; तिला मी स्वतः फोन करीन, तुम्ही काही बोलू नका. लग्नाची तारीख मात्र ठरल्याबरोबर कळवा, रजा आधी मागावी लागते. हप्त्याचे पैसे मी पाठवले आहेत, त्यात हॉलच्या आगाऊ रकमेचेही आहेत. सोसायटीचं कर्ज नवीन काढू नका.

आपला,
विनायक