हार्डविकचा जिना

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या डर्बीशायरहून नुकताच घरी पोचलो होतो. घाईत धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. तू जन्मभर घरं बांधलीस. तिथल्या हार्डविक हॉल या जुन्या, भव्य घराबद्दल तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय.

टेकडीवरचं हे घर दुरून दिसतं ते काचेचं. ‘हार्डविक हॉल, भिंत कमी अन् काच जास्त’ अशी तिथे जुनी म्हणच आहे. सहा बुरूज, आणि त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ‘ई एस’ ही अक्षरं. म्हणजे हे घर बांधवणारी एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस. लोक तिला बेस म्हणतात. तिची चार लग्नं झाली. चौथा नवरा 1590 मध्ये वारला, त्याच सुमारास नव्या घराचा पाया पडला आणि 1597 मध्ये ती इथे राहायला आली. सत्तरीच्या घरातली बाई, अरे! त्या काळी काच म्हणजे श्रीमंतांचीच चैन. हिचा स्वतःचा काचेचा कारखाना होता.

एवढ्या खिडक्या पाडल्यावर भिंती उभ्या कशा राहिल्या, हे तू विचारणारच. बरीचशी धुराडी आतल्या भिंतींतून वर नेली आहेत, त्यामुळे बाहेरच्या भिंती मोकळ्या राहिल्या. ही आखणी रॉबर्ट स्मिथसनची मानतात. माणूस मूळचा पाथरवट. लाँगलीट आणि वोलटन या मोठ्या घरांची कामं करून आलेला. आत शिरताच आणखी एक गोष्ट जाणवते. जुन्या इंग्रजी घरांत मोठा हॉल दर्शनी बाजूला समांतर, आडवा असायचा. इथे तो दारातून सरळ मागच्या भिंतीपर्यंत जातो, घराच्या बरोबर मधोमध. साधी गोष्ट, पण सगळं घर त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखं तोललं गेलंय.

पण माझा जीव अडकला तो जिन्यात. दगडी, रुंद, फारशा उंच नसलेल्या पायऱ्या. दोन खोल्यांना जोडणारा हा नुसता जिना नाही. तो वळत, रेंगाळत सगळ्या घरातून फिरतो. तळमजला नोकरचाकरांचा, त्यावरचा बेसच्या रोजच्या राहण्याचा, आणि सगळ्यात वरचा थाटामाटाचा. जसजसं वर जावं तसतशी छतं उंच होतात, खिडक्या मोठ्या होतात, उजेड वाढत जातो. तुमच्या वाईच्या वाड्यात माडीवर गेलं की तुळईला डोकं आपटायचं, आठवतं? इथे बरोब्बर उलटं. मला वाटतं या घराची खरी थोरवी काचेत नाही, या चढण्यात आहे. पाहुण्याला एकेक पायरी चढवत तिनं आपला मोठेपणा दाखवला. तळातल्या स्वयंपाकघरातून जेवणाची ताटंही याच जिन्यानं मिरवत वर जायची.

वरच्या दरबारी दालनात भिंतीच्या वरच्या भागावर गिलाव्यातलं रंगीत अरण्य आहे, शिकारीची रोमन देवी डायना आणि तिचा लवाजमा. त्या वेळची राणी, पहिली एलिझाबेथ, तिचं राजचिन्हही आहे. राणी मात्र या घरी कधीच आली नाही. तिथे उभं राहिल्यावर मला त्याचंच फार वाईट वाटलं.

शेजारी लाँग गॅलरी म्हणजे लांबलचक दालन, सुमारे 51 मीटर लांब. तिथे बायबलमधल्या गिडिअनच्या कथेचे 13 भले मोठे विणलेले पडदे आहेत. 1592 मध्ये बेसनं ते राणीचा दरबारी सर क्रिस्टोफर हॅटनच्या वारसाकडून विकत घेतले. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं होतं, तर हिनं त्यावर आपल्या चिन्हाची ठिगळं लावली आणि त्या खर्चापोटी किमतीत 5 पौंड कमी करून घेतले! हॅटनच्या चिन्हातल्या हरिणीला शिंगं जोडली की झाला हिच्या घराण्याचा नर हरीण. मी जवळ जाऊन किती तरी वेळ ती शिंगंच बघत होतो.

ऊन लागून विणकाम विटू नये म्हणून आता गॅलरीत खिडक्यांचे पडदे ओढून ठेवतात. एवढा उजेड घरात आणायला जिनं एवढं केलं, तिच्या घरात आपण अंधुकात फिरतो. विणकाम जपायलाच हवं, पटतं. तरी मन हळहळतं.

निघताना ऊन कलतं होतं. घराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सगळी दर्शनी बाजू तळपत होती. फाटकापाशी थांबून पाहिलं तर खालच्या ओळीतल्या खिडक्या विझल्या, तरी वरच्या ओळीत ऊन तसंच होतं.

मे महिन्यात ये. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, पायऱ्या बुटक्या आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू